पाणी खाली, वाट वर: साउथ डाऊन्स वे चालण्याची आखणी

विंचेस्टर ते ईस्टबोर्न. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यापासून थोडं आत, किनाऱ्याला समांतर, साउथ डाऊन्स या डोंगररांगेवरून जाणारी ही १६० किलोमीटरची वाट. तिच्यावरची सर्वांत उंच टेकडी बट्सर हिल, आणि तीही २७० मीटरच. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला हा आकडा ऐकून वाटतं, एवढ्यासाठी आखणी कसली करायची, सॅक उचलावी आणि निघावं. पण वाटेतले सगळे चढ एकत्र मोजले तर चार हजार मीटरच्या वर जातात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या डोंगरांच्या माथ्यावर पाणीही नाही आणि गावंही नाहीत. दोन्ही खाली पायथ्याशी आहेत. म्हणून इथली आखणी उलट्या क्रमाने करायची: आधी रात्रीचे मुक्काम नक्की करायचे आणि त्यावरून रोजची चाल ठरवायची. ज्यांनी आधी नकाशावर रोजचे वीस-वीस किलोमीटर आखले आणि मग खोल्या शोधल्या, त्यांची आखणी बहुतेक वेळा मोडते.

आधी जमीन समजून घ्या

हे डोंगर चॉकचे आहेत. चॉक म्हणजे मऊ, पांढरा, शुद्ध चुनखडक. क्रिटेशिअस काळात, साधारण दहा कोटी ते सात कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यान, उबदार समुद्राच्या तळाशी सूक्ष्म शैवालांच्या चुन्याच्या कवचांचा गाळ साचत गेला आणि त्याचा हा खडक झाला. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा वाहिला त्याच्याही आधीची ही गोष्ट. या खडकात बारीक छिद्रं आणि भेगा भरपूर असतात. पाऊस पडला की पाणी थेट आत उतरतं, वर ओढा म्हणून राहत नाही. पुढे ते पायथ्याशी, जिथे चॉकच्या खाली चिकणमाती लागते तिथे, झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं.

डोंगररांगेची उत्तर बाजू उभी आहे आणि दक्षिण बाजू हळूहळू समुद्राकडे उतरत जाते. आपली वाट बहुतेक ठिकाणी त्या उत्तरेकडच्या उभ्या कडेच्या माथ्यावरून जाते. वर उभं राहून उत्तरेला पाहिलं की पायथ्याशी एका ओळीत लहान लहान गावं दिसतात. ती झऱ्यांच्या रेषेवर वसलेली आहेत. फुलकिंग गावात उतरून पाहिलं तर हे डोळ्यांनी कळतं. दिवसभर ज्या माथ्यावर पाण्याचा थेंब दिसला नाही, त्याच डोंगराच्या बुडातून पबच्या शेजारी रस्त्याकडेला स्वच्छ झरा खळाळत बाहेर पडतो.

आपल्याकडे गडावर गेलं की खडकात खोदलेलं टाकं असणार, ही सवय अंगात मुरलेली असते. इथे ती विसरा. माथ्यावर क्वचित गोल, उथळ तळी दिसतात, ती मेंढ्यांसाठी तळाला चिकणमाती चोपून केलेली असतात. त्यातलं पाणी पिण्याचं नाही.

याचा हिशेब असा. रोज संध्याकाळी गावात उतरायचं म्हणजे दीड किलोमीटर आणि शंभर-दीडशे मीटर उतार, आणि सकाळी पुन्हा तेवढाच चढ. आठ मुक्काम धरले तर चोवीस किलोमीटर इथेच वाढले. १६० ची वाट प्रत्यक्षात १८० च्या वर जाते. शिवाय रांग सलग नाही. मीऑन, अरुन, अडूर, ऊझ आणि ककमिअर या नद्यांनी ती कापली आहे, आणि प्रत्येक नदीपाशी खोऱ्याच्या तळापर्यंत उतरून पुन्हा वर यावं लागतं.

किती दिवस, कोणत्या महिन्यात, कोणत्या दिशेने

नियमित चालणाऱ्या माणसाला आठ ते नऊ दिवस बरे पडतात. सात दिवसांत होतं, पण मग रोज २३ ते २५ किलोमीटर आणि वर उतरण्या-चढण्याची भर, आणि संध्याकाळी गाव बघायला जीवच उरत नाही. रजा मिळत असेल तर नऊच घ्या. पायी वारी केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको: पहिल्या दिवशीची चाल कुणालाही जमते, पाय खरे बोलतात ते तिसऱ्या दिवशी.

मे आणि जून हे माझ्या मते सर्वांत चांगले महिने. जूनमध्ये पहाटे पाचच्या आधी उजाडतं आणि रात्री नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे उशीर झाला तरी अंधारात वाट शोधायची वेळ येत नाही. मेंढ्यांनी शतकानुशतकं चरून राखलेलं इथलं आखूड गवत याच दिवसांत फुलतं. चांगल्या राखलेल्या चॉकच्या कुरणात एका चौरस मीटरमध्ये तीस-चाळीस प्रकारच्या वनस्पती सापडतात, ऑर्किडही दिसतात, आणि डोक्यावर चंडोल सतत गात असतो. कासच्या पठारावर गुडघे टेकून फुलं पाहणाऱ्यांनी इथे दुपारच्या विश्रांतीला अर्धा तास जास्त धरावा. जुलै-ऑगस्टमध्ये निळी फुलपाखरं येतात, पण गर्दी आणि ऊनही वाढतं. सप्टेंबर उत्तम. ऑक्टोबरच्या अखेरीस घड्याळं तासभर मागे जातात आणि पाचच्या आत अंधार पडतो, तेव्हा पहिल्यांदा जाणाऱ्याने तो काळ टाळावा.

दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडे ठेवा. या भागात वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून येतो, तो पाठीशी राहतो. उघड्या डोंगरधारेवर आठ तास तोंडावर वारा घेणं किती थकवतं, हे दोन दिवसांत कळतं. शिवाय विंचेस्टरच्या कॅथेड्रलपाशी सुरुवात करून शेवटी समुद्राच्या कड्यावर पोचणं, हा क्रम मनालाही बरा वाटतो.

ही वाट चालायला परवाना लागत नाही आणि शुल्कही नाही. भारतातून जाणार असाल तर व्हिजिटर व्हिसा काढावा लागतो. खोल्यांचे पैसे आधी भरणार असाल, तर रद्द करता येणारंच आरक्षण घ्या.

मुक्काम आधी, अंतर नंतर

आता मुख्य काम. कागदावर गावांची यादी करा आणि खोल्या शोधायला पश्चिमेकडून नव्हे, तर जिथे खाटा कमी आहेत तिथून सुरुवात करा. एक्स्टन, कॉकिंग, अँबर्ली आणि अल्फ्रिस्टन ही चार नावं आधी. ही गावं लहान आहेत, पबच्या वरच्या मोजक्या खोल्या आणि काही बी अँड बी (खोली आणि नाश्ता देणारी घरं), एवढंच. विंचेस्टर, लुईस, ईस्टबोर्न इथे जागा सहज मिळते, ती शेवटी घ्या. चार अवघड रात्री नक्की झाल्या की मधले दिवस आपोआप जागेवर बसतात.

मे-जूनसाठी जानेवारीतच चौकशी सुरू करा. लहान ठिकाणं शनिवारची एकच रात्र द्यायला तयार नसतात, दोन रात्री घ्या म्हणतात. म्हणून निघण्याचा वार असा निवडा की शनिवार मोठ्या गावात पडेल. आजूबाजूचे कार्यक्रमही पाहून ठेवा: जुलैतल्या गुडवुडच्या मोटार महोत्सवात आणि त्यानंतरच्या घोड्यांच्या शर्यतींच्या आठवड्यात कॉकिंग, मिडहर्स्ट, चिचेस्टर भरलेलं असतं. उन्हाळ्यात ग्लाइंडबोर्नच्या ऑपेरामुळे लुईसमध्ये आणि ऑगस्टच्या सुरुवातीला एलजीबीटी समुदायाच्या प्राइड महोत्सवामुळे ब्रायटनमध्ये दर चढतात.

गावात खोली मिळालीच नाही तर दोन उपाय आहेत. एक, शेजारचं गाव आणि टॅक्सी. बी अँड बी चालवणारे बरेचदा वाटेवरून न्यायला येतात, फोनवर मोकळेपणाने विचारा. दोन, रेल्वे. ही वाट रेल्वेला इतक्या ठिकाणी भेटते की त्याचा फायदा न घेणं चूक ठरेल. अँबर्ली आणि साउथीज ही स्टेशनं अगदी वाटेलगत आहेत. पीटर्सफील्ड, हॅसॉक्स आणि लुईस थोड्या अंतरावर. लहान मुलं किंवा ज्येष्ठ बरोबर असतील तर मी सरळ लुईसला तीन-चार रात्रींची एकच खोली घ्यायला सांगेन. रोज सकाळी रेल्वे किंवा बसने वाटेवर जायचं, हलकी पिशवी घेऊन चालायचं आणि संध्याकाळी परत यायचं. पूर्वेकडचा अर्धा भाग असा आरामात होतो.

तंबूवाल्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट. इंग्लंडमध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठेही तंबू ठोकता येत नाही. डार्टमूरचा अपवाद आहे, पण ते इथून दूर. वाटेवर तंबूच्या जागा आहेत: ईस्ट मीऑनजवळचं सस्टेनॅबिलिटी सेंटर, हंगामात ए २७ रस्त्यालगतचं हाउसडीन फार्म, आणखीही काही. साउथीजच्या स्टेशनजवळ इटफर्ड इथे वायएचए या यूथ हॉस्टेल संस्थेचं वसतिगृह आहे, एकट्याने जाणाऱ्याला ते स्वस्त आणि सोयीचं पडतं.

सामान पोचवणाऱ्या कंपन्याही या वाटेवर आहेत. सकाळी मोठी बॅग खोलीत ठेवायची, संध्याकाळी ती पुढच्या मुक्कामी मिळते. गुडघ्यांचा त्रास असेल तर यावर पैसे खर्च करा आणि दुसरीकडे वाचवा.

नऊ दिवसांचे टप्पे

अंतरं ढोबळ आहेत आणि गावात उतरण्याचं अंतर त्यात धरलेलं नाही.

पहिला दिवस, विंचेस्टर ते एक्स्टन, १९ किमी. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून विंचेस्टर तासाभरावर. तरीही आदल्या रात्रीच विंचेस्टरला येऊन राहा, म्हणजे सकाळी लवकर निघता येतं. इचेन नदी ओलांडून शेतांमधून वाट वर येते. दिवस सोपा आहे, आणि त्यामुळेच वेग आवरायचा तो आज.

दुसरा दिवस, एक्स्टन ते ब्युरिटन, २० किमी. सकाळीच ओल्ड विंचेस्टर हिल हा लोहयुगातला गड येतो. मातीचे तट अजून ठळक आहेत. दुपारनंतर बट्सर हिल आणि तिच्या पायथ्याशी क्वीन एलिझाबेथ कंट्री पार्क. तिथे कॅफे, पाणी, स्वच्छतागृह सगळं आहे. पुढचे दोन दिवस अशी सोय नाही, म्हणून इथे थांबून पोटभर खा. ब्युरिटनला जागा नसेल तर पीटर्सफील्ड.

तिसरा दिवस, ब्युरिटन ते कॉकिंग, १८ किमी. हार्टिंग डाउन ही संपूर्ण वाटेवरची माझी आवडती जागा. पुढे रानात डेव्हिल्स जम्प्स नावाचे कांस्ययुगातले मोठे मातीचे ढिगारे एका रेषेत आहेत. या दिवशी चढ-उतार नकाशावर दिसतात त्याहून जास्त जाणवतात. कॉकिंगहून मिडहर्स्ट आणि चिचेस्टर दोन्हीकडे बस जाते.

चौथा, कॉकिंग ते अँबर्ली, १९ किमी. यातला बराचसा भाग झाडीतून. बिग्नोर हिलवर चिचेस्टरहून लंडनकडे जाणारा रोमनांचा रस्ता, स्टेन स्ट्रीट, वाट ओलांडतो. त्याचा उंच बांध आजही पायाखाली जाणवतो. या दिवशी माथ्यावर ना दुकान, ना कॅफे. दुपारचं जेवण कॉकिंगहूनच बांधून घ्या. आणि लक्षात ठेवा, अँबर्ली स्टेशन आणि अँबर्ली गाव यांत पायी वीसेक मिनिटांचं अंतर आहे. खोली नक्की कुठे आहे ते आधी पाहा.

पाचवा, अँबर्ली ते स्टेनिंग किंवा अपर बीडिंग, १६ ते २० किमी. मध्ये वॉशिंग्टनपाशी ए २४ हा वेगवान रस्ता येतो. तो थेट ओलांडू नका. गावातून पुलावरून जाणारा पर्यायी मार्ग आहे, थोडा लांब पण निर्धास्त. त्यानंतर चँक्टनबरी रिंग. या जुन्या गडाच्या तटावर चार्ल्स गोरिंग यांनी १७६० मध्ये बीचची झाडं लावली. ऑक्टोबर १९८७ च्या वादळात त्यातली बहुतेक पडली, मग पुन्हा लावली गेली.

सहावा, अपर बीडिंग ते पायकोम, १२-१३ किमी. मुद्दाम लहान ठेवलेला दिवस, कारण पाच दिवसांनंतर शरीराला तो हवा असतो आणि डेव्हिल्स डाइकला वेळ द्यायला हवा. ही सुमारे शंभर मीटर खोल कोरडी दरी. पाणी पिऊन टाकणाऱ्या खडकात एवढी दरी कोरली गेली कशी? हिमयुगात जमीन गोठलेली होती, चॉकला पाणी शोषता येत नव्हतं, तेव्हा बर्फ वितळून वाहणाऱ्या पाण्याने आणि चिखलाने ती खणली. फुलकिंगचा झरा पाहायचा असेल तर तोही याच दिवशी, पण उतरलेला चढ परत चढावा लागतो.

सातवा, पायकोम ते किंग्स्टन किंवा लुईस, १३-१४ किमी, जॅक आणि जिल या दोन पवनचक्क्या आणि २४८ मीटरच्या डिचलिंग बीकनवरून. या दिवशी एक वळण घ्यावं असं मी आग्रहाने सांगेन. पवनचक्क्यांजवळ मुख्य वाट सोडून दक्षिणेला दोनेक किलोमीटर गेलं की उघड्या उतारावर पांढऱ्या संगमरवराची छत्री दिसते. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर जखमी झालेल्या भारतीय सैनिकांसाठी ब्रायटनमध्ये रुग्णालयं उघडली होती, रॉयल पॅव्हिलियन या राजवाड्यातही. तिथे मरण पावलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांपैकी ५३ जणांवर या डोंगरावर अंत्यसंस्कार झाले. त्या जागी ही छत्री उभी राहिली, १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचं अनावरण झालं. आराखडा होता मुंबईचे तरुण वास्तुविशारद ई. सी. हेन्रिक्स यांचा. तिथे मोटारीने पोचता येत नाही, सगळ्यांना चालतच यावं लागतं. येऊन-जाऊन चार-पाच किलोमीटर वाढतात, म्हणून हा टप्पाही लहान ठेवला आहे. छत्रीजवळ २०१० मध्ये बसवलेल्या शिलेवर त्या ५३ जणांची नावं कोरलेली आहेत. ती वाचायला वेळ ठेवा.

आठवा, किंग्स्टन ते अल्फ्रिस्टन, १९ किमी. साउथीजला ऊझ नदी ओलांडायची, मग इटफर्ड हिलचा दमवणारा चढ, आणि त्यानंतर फर्ल बीकनवरून निव्वळ आनंदाची चाल: डावीकडे सखल प्रदेश, उजवीकडे समुद्र. नववा दिवस अल्फ्रिस्टन ते ईस्टबोर्न, साधारण १७ किमी, त्याबद्दल शेवटी स्वतंत्र लिहितो.

फक्त दोनच दिवस असतील तर साउथीजला रेल्वेने उतरा, अल्फ्रिस्टनला मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी ईस्टबोर्न गाठा. आठवडा नसेल, पण चार-पाच दिवस असतील तर अँबर्लीपासून पुढे.

पाणी

वाटेवर नळ आहेत. नॅशनल ट्रेल्सच्या संकेतस्थळावर त्यांचा नकाशा मिळतो. अडूर नदीकाठी बोटॉल्फ्स इथला आणि सॅडलस्कोम फार्मचा नळ चालणाऱ्यांना खूप उपयोगी पडतो. पण नळ सारख्या अंतरावर नाहीत: पूर्वेकडे जास्त, पश्चिमेकडे विरळ. हिवाळ्यात गोठू नयेत म्हणून काही बंदही ठेवतात. म्हणून सकाळी निघताना दोन लिटर, कडक उन्हाचा दिवस असेल तर तीन, आणि दिसेल त्या नळावर बाटली भरायची, मग ती निम्मी भरलेली का असेना. कॉकिंग ते अँबर्ली या दिवशी कुठल्याच नळावर भरवसा ठेवू नका.

इंग्लंडमध्ये ऊन काय लागणार, असं मनात येतं. माथ्यावर सावली नाही, पांढऱ्या वाटेवरून उजेड खालूनही येतो, आणि थंड वाऱ्यामुळे त्वचा भाजतेय हे कळत नाही. टोपी आणि सनस्क्रीन रोज.

खाणं

रात्रीचं जेवण पबमध्ये. वेळा जाणून घ्या. गावातल्या पबचं स्वयंपाकघर दुपारी अडीच-तीनला बंद होतं आणि संध्याकाळी सहाला उघडतं, रात्री साडेआठ-नऊनंतर जेवण मिळत नाही. रविवारी संध्याकाळी अनेक ठिकाणी स्वयंपाकघर बंद, सोमवारी काही पबच बंद. गावात एकुलता एक पब असेल तर हे विचारूनच खोली घ्या. शाकाहारी पदार्थ बहुतेक सगळीकडे असतात, पण एखादाच. सलग आठ दिवस तोच प्रकार खाऊन कंटाळा येऊ नये म्हणून मेतकुटाची किंवा शेंगदाण्याच्या चटणीची लहान पुडी जवळ असू द्या. नाश्ता बी अँड बीमध्ये भरपूर मिळतो. तिथेच दुपारसाठी सँडविच बांधून मागता येतं, आदल्या रात्री सांगावं लागतं.

भारतातून खाऊ नेताना शेंगदाणा चिक्की, खाकरा, भाजके चणे खुशाल न्या. पेढे, बर्फी असे दुधाचे पदार्थ मात्र नेऊ नका, ते ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे.

पायाखालचं आणि पायातलं

कोरडा चॉक चालायला सुरेख. ओला झाला की साबणाच्या ओल्या वडीसारखा निसरडा होतो, आणि उतारावर खरी परीक्षा घेतो. चॉकमधून बाहेर आलेले गारगोटीचे टणक दगड, फ्लिंट, जागोजागी वर डोकावतात. त्यांच्या कडा धारदार असतात, पातळ तळव्याच्या बुटातून टोचतात आणि पडलं तर हात कापतो. त्यामुळे उन्हाळ्यात जाड तळव्याचे, खोल खाचांचे ट्रेल शूज पुरतात. पावसाचे दिवस असतील तर घोट्याच्या वर येणारे बूट. दोन काठ्या घ्या. मला त्यांचा उपयोग चढापेक्षा नदीकडे उतरताना जास्त वाटतो.

बुटांना चिकटलेला पांढरा लगदा रोज संध्याकाळी ओला असतानाच पुसून काढा. वाळला की खाचांत घट्ट बसतो आणि दुसऱ्या दिवशी पकडच राहत नाही.

फोड येण्याआधी जागा गरम लागते. त्याच क्षणी थांबून मोजा काढा, टेप लावा. पुढच्या नळावर बघू म्हटलं की फोड आलाच. लोकरीचे मोजे तीन जोड, एक पायात, एक सॅकवर वाळत, एक रात्रीसाठी. बाकी सामान अंगावर घ्यायचं तर सात-आठ किलोच्या वर जाऊ देऊ नका: पावसाचं जॅकेट, उबेचा एक थर, बदलायचे कपडे, प्रथमोपचार, पॉवर बँक, टॉर्च. लांब गवतातून चालल्यावर रात्री पाय, गुडघ्यांमागची जागा, कंबर नीट तपासा. इथल्या गोचिडांमुळे लाइम आजार होऊ शकतो. गोचीड काढायचा लहान हूक औषधाच्या दुकानात मिळतो.

सराव करताना एक मोठा ट्रेक करण्यापेक्षा लागोपाठ दिवस चाला. रविवारी सिंहगड चढून आल्याने ही तयारी होत नाही. शनिवारी १८ आणि रविवारी पुन्हा १८ किलोमीटर, पाठीवर नेमकं तेच ओझं आणि पायात तेच बूट, असं महिना-दीड महिना केलं तर पाय तयार होतात.

वाट आणि वागणूक

वाट चुकणं कठीण. प्रत्येक फाट्यावर खांबावर ओकच्या फळाचं चिन्ह असतं. बाणांचे रंग ओळखा: पिवळा फक्त चालणाऱ्यांसाठी, निळा घोडेस्वार आणि सायकलवाल्यांसाठीही. आपल्या वाटेचा बहुतेक भाग निळा आहे, म्हणजे मागून सायकल येणार हे गृहीत धरून कडेने चाला. हार्वेचा १:४०,००० चा एकच जलरोधक नकाशा सगळी वाट दाखवतो. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचे १:२५,००० चे नकाशे जास्त तपशील देतात, पण अनेक घ्यावे लागतात. ते ॲपवर ऑफलाइन उतरवून ठेवले की झालं. दरीत उतरल्यावर मोबाइलची रेंज जाते.

फाटक जसं असेल तसंच सोडा, उघडं असेल तर उघडं. गाईंबरोबर वासरं असतील तर दोघांच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घ्या, आणि कुत्रा बरोबर असून गाई अंगावर आल्याच तर त्याची दोरी सोडून द्या. वीज कडकडायला लागली तर माथा सोडून खाली उतरा, एकट्या झाडाचा आसरा घेऊ नका. मदतीसाठी ९९९ किंवा ११२. कड्यावर किंवा किनाऱ्यावर असाल तर कोस्टगार्ड मागा.

शेवटचा दिवस: कडे

अल्फ्रिस्टननंतर वाट दोन होते. आतली वाट विल्मिंग्टनच्या टेकडीवरून, लाँग मॅन या उतारावर रेखलेल्या प्रचंड मानवाकृतीच्या डोक्यावरून, जेव्हिंग्टनमार्गे ईस्टबोर्नला जाते. सायकली आणि घोड्यांना तीच घ्यावी लागते. चालणाऱ्याने किनाऱ्याची वाट धरावी, वारा भयंकर असेल तेव्हाच आतली.

ककमिअर नदीच्या खोऱ्यातून एक्सीटला यायचं. तिथे स्वच्छतागृह आणि खाण्याची सोय आहे. तिथून सेव्हन सिस्टर्स हे चॉकचे समुद्रकडे सुरू होतात. नाव सात बहिणींचं असलं तरी माथे आठ आहेत, आणि प्रत्येकानंतर पुरता उतार नि पुरता चढ. शेवटच्या दिवशी हे पायांना अनपेक्षित वाटतं, तेव्हा सकाळी नऊच्या आत निघा. बर्लिंग गॅपला चहा, मग बेल टाउट हे जुनं दीपगृह. कडा सरकत सरकत त्याच्या जवळ आला, म्हणून १९९९ मध्ये ती सगळी इमारत १७ मीटर मागे सरकवली. पुढे बीची हेड, १६२ मीटर, ब्रिटनमधला सर्वांत उंच चॉकचा समुद्रकडा.

दीपगृहाची ती हकिगत लक्षात ठेवूनच इथे चाला. कडा खालून पोखरलेला असतो आणि वरून ते दिसत नाही. हिरवळ शेवटपर्यंत तशीच शाबूत दिसते, भेगा गवताखाली असतात, आणि इशारा न देता मोठे तुकडे कोसळतात. फोटोसाठी कडेला बसलेले लोक दिसतील, त्यांचं पाहून पुढे जाऊ नका. कडेपासून निदान पाच-सहा मीटर आत राहा, वारा असेल तर आणखी आत. खाली किनाऱ्यावर उतरलात तरी कड्याच्या पायथ्याशी बसू नका. भरतीच्या वेळा आधी पाहा, कड्याखाली भरतीत अडकल्यावर वर यायला वाट नसते. धुकं दाटलं तर मेंढ्यांच्या पायवाटा सोडून आतल्या रुंद वाटेवर या.

बीची हेडवरून एक मोठा, गवताळ, गुडघे दुखवणारा उतार उतरला की ईस्टबोर्नच्या मीड्स भागात रस्त्याच्या कडेला वाट संपते. ईस्टबोर्नचं स्टेशन इथून अजून अडीच-तीन किलोमीटर आहे, आणि परतीच्या गाडीचं तिकीट काढताना बरेच जण हे धरत नाहीत. समुद्रकाठच्या रस्त्याने पाऊण तास चाला, नाहीतर बस घ्या. लंडन व्हिक्टोरियाला गाडीने दीड तास लागतो. विशिष्ट गाडीला बांधलेलं स्वस्त तिकीट घेण्यापेक्षा दिवसभरात कोणत्याही गाडीला चालणारं तिकीट घ्या. शक्य असेल तर ती रात्र ईस्टबोर्नलाच काढा.